इसे जिंगू: दर वीस वर्षांनी नवं होणारं देवस्थान

दादा नोकरीनिमित्त नागोयाला असतो, त्यामुळे आईला घेऊन त्याच्याकडे गेले तेव्हा क्योतो, नारा ही नेहमीची ठिकाणं झालीच, पण मला मनापासून बघायचं होतं ते इसे. मी आर्किटेक्चर शिकलेय, आणि कॉलेजात जपानच्या वास्तुकलेचा विषय निघाला की सरांची गाडी इसेवर येऊन थांबायचीच. शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं हे सगळ्यात मोठं देवस्थान, सूर्यदेवी अमातेरासूचं, आणि ते दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर त्याच मापाने पूर्ण नवीन बांधतात, देवी तिकडे हलवतात आणि मग जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे ६९० साली जितो सम्राज्ञीच्या काळात झालं. अलीकडचं, म्हणजे ६२ वं, २०१३ मध्ये आणि पुढचं २०३३ मध्ये. तिथे जाऊन जे कळलं ते इतकं आहे की प्रवासवर्णन थोडं लांबणार आहे, चालवून घ्या.

शुक्रवार: पाऊस, गेकू आणि संग्रहालय

नागोयाहून किंतेत्सु रेल्वेच्या लिमिटेड एक्सप्रेसने जेमतेम दीड तासात इसेशी स्टेशन. (जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास किंतेत्सुला चालत नाही. जेआरची 'मिए' नावाची फास्ट गाडी पासवर घेतलीत तरी मधल्या एका खाजगी रेल्वेच्या पट्ट्याचे थोडे पैसे वेगळे भरावे लागतात.) सामान गेस्टहाउसवर टाकलं, छत्र्या घेतल्या आणि चालतच गेकूला गेलो, स्टेशनपासून दहा मिनिटंसुद्धा नाही.

इथे दोन मुख्य देवळं आहेत. गेकू म्हणजे बाहेरचं, तोयोउके या अन्नदेवतेचं. नाइकू म्हणजे आतलं, अमातेरासूचं. दोघांत पाच-सहा किलोमीटरचं अंतर, आणि यांच्या आधिपत्याखाली लहानमोठी धरून एकूण १२५ देवळं, त्या सगळ्यांना मिळून नाव नुसतं 'जिंगू'. रीत अशी की आधी गेकू आणि मग नाइकू. गेकूत रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं, नाइकूत उजव्या.

पावसामुळे गर्दी नव्हती. पूल ओलांडून आत शिरलं की दोन्हीकडे प्रचंड मोठे सुगी (जपानी देवदार), पायाखाली खडी, आणि समोर तोरी, म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेलं ते दार. पण लाल नाही! क्योतोतल्या भगव्या-लाल तोरी बघून आलेल्या आईला ते आधी अर्धवट राहिलेलं वाटलं. रंग नाही, रोगण नाही, वर दोरखंडही बांधलेला नाही, खांबाला फक्त साकाकी या पवित्र झाडाच्या हिरव्या डहाळ्या. संपूर्ण इसेत हेच, नुसतं हिनोकीचं लाकूड. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस, पाऊस पडला की त्याचा वास सगळीकडे दरवळतो.

तेवढ्यात खडीवर पावलांचा आवाज आला आणि पांढऱ्या कपड्यातले पुरोहित मोठ्या छत्र्या धरून एक लाकडी पेटी घेऊन समोरून गेले. हा तोयोउकेच्या घरातला रोजचा नैवेद्य. सकाळ-संध्याकाळ दोनदा, रोज, वर्षाचे बाराही महिने, आणि परंपरेप्रमाणे हे सुमारे दीड हजार वर्षं चालू आहे. अमातेरासूचं जेवणसुद्धा इथेच येतं, कारण तोयोउकेला इसेला आणलंच मुळी तिच्या जेवणासाठी, अशी कथा आहे. विस्तव लाकडावर लाकूड घासून पेटवतात, पाणी देवळाच्याच विहिरीचं, भात देवस्थानच्याच शेतातला, मीठसुद्धा त्यांनीच बनवलेलं (त्या मिठाकडे रविवारी येते). पाऊस असो वा वादळ, चुकत नाही. आई लगेच हात जोडून उभी राहिली. ती पेटी झाडांमागे दिसेनाशी झाली तरी तिने हात सोडले नव्हते.

मुख्य देवळासमोर गेलो आणि खरं सांगायचं तर समोर देऊळ दिसतच नाही. दिसतं ते लाकडी कुंपण, एक दार आणि दारावर पांढरा रेशमी पडदा. आत एकात एक चार कुंपणं आहेत. आपण बाहेरूनच दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची आणि पुन्हा एकदा वाकायचं. कुंपणावरून दिसतं फक्त छपराचं टोक, कातरीसारखी एकमेकांना छेदून वर गेलेली लाकडं आणि आढ्यावर आडवे ठेवलेले सोन्याच्या टोप्यांचे ओंडके. त्या कातरीला चिगी म्हणतात आणि ओंडक्यांना कात्सुओगी. हे नीट बघून ठेवा: गेकूत चिगीची टोकं उभी कापलेली आणि ओंडके नऊ, नाइकूत टोकं आडवी कापलेली आणि ओंडके दहा. आईने मोजले, नऊच भरले.

पण माझा पाय निघेना तो शेजारच्या जागेवरून. बाजूला तेवढाच मोठा प्लॉट, पांढऱ्या आणि काळसर गोट्यांनी झाकलेला, पूर्ण रिकामा. मधोमध एक छोटीशी लाकडी खोपटी. २०१३ पर्यंत देऊळ या जागेवर होतं. खोपटीखाली आहे त्या जागेच्या मध्यखांबाचं स्थान. हा खांब छप्पर वगैरे काही पेलत नाही, देवळाच्या जमिनीखाली अगदी देवाच्या आसनाच्या खाली येतो आणि सगळ्यात पवित्र मानतात. म्हणजे २०३३ चं देऊळ कुठे उभं राहणार ते आत्ताच ठरलेलं आहे आणि ती जागा वीस वर्षं झाडूनपुसून वाट बघतेय. पाऊस गोट्यांवर पडत होता आणि मी तिथे दहा मिनिटं नुसती उभी होते, दादा बिचारा छत्री धरून.

जवळच तळ्याकाठी सेंगूकान नावाचं संग्रहालय आहे, इथे गेल्याशिवाय इसे सोडू नका! तिकीट तीनशे येन, आणि महिन्याच्या चौथ्या मंगळवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. २०१७ च्या वादळात इथे पाणी शिरलं होतं आणि दोन वर्षांनी ते पुन्हा उघडलं. आत गेकूच्या मुख्य देवळाचा एक चतुर्थांश भाग खऱ्या मापात, खऱ्या लाकडात उभा केलाय. जे बाहेर कुंपणामागे कोणालाच बघायला मिळत नाही ते इथे हाताच्या अंतरावर.

तिथे मी बसकणच मारली. खांब गोल, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत येणार नाहीत एवढे, आणि खाली दगडी जोतं नाही. खांब सरळ जमिनीत गाडतात. जमीन उंचावर, भिंती म्हणजे आडव्या जाड फळ्या एकावर एक बसवलेल्या, आणि वर गवताचं छप्पर. छपराची खालची कड इतकी सरळ छाटलेली की गवत आहे यावर विश्वास बसत नाही, जवळ गेलं की प्रत्येक काडीचं कापलेलं तोंड वेगळं दिसतं. आणि दोन्ही बाजूंना भिंतीपासून सुटा, बाहेर उभा असलेला एकेक खांब, किंचित आतल्या बाजूला कललेला, आढ्याची तुळई थेट खालून पेलणारा. मुनामोची-बाशिरा त्याचं नाव. या खांबाला विसरू नका, तो पुन्हा भेटणार आहे.

हा सगळा आकार मुळात धान्याच्या कोठाराचा. दोन हजार वर्षांपूर्वी भाताची शेती जपानात रुजली तेव्हा उंदीर आणि ओल यांच्यापासून वाचवायला अशी उंच कोठारं बांधत, तेच पुढे देवाचं घर झालं. दार रुंद बाजूला, त्रिकोणी बाजूला नाही. या पद्धतीला शिनमेई-झुकुरी म्हणतात, आणि मुख्य देवळांची ही अचूक रचना दुसरीकडे कुठे बांधत नाहीत.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. नाराजवळचं होर्यूजी हे बौद्ध मंदिर आम्ही चारच दिवस आधी बघितलं होतं. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती तिथे आहेत, तेराशे वर्षं उभ्या. दगडी पाया, कौलारू छप्पर, सगळं चीन-कोरियाकडून आलेलं तंत्र. आणि इसेचं पहिलं नूतनीकरण ६९० चं, म्हणजे काळ साधारण तोच! टिकाऊ कसं बांधायचं हे त्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी अमातेरासूसाठी जमिनीत गाडलेले, कुजणारे खांब आणि गवताचं छप्परच ठेवलं आणि वर नियम केला की ठरावीक वर्षांनी नवीन बांधायचं. हा अडाणीपणा नाही, विचार करून घेतलेला निर्णय आहे. वीसच वर्षं का, याचं कारण दहाव्या शतकातल्या सरकारी नियमांतही दिलेलं नाही, नुसता नियम आहे. छप्पर तेवढंच टिकतं, भाताची साठवण तेवढीच टिकते, असे बरेच तर्क आहेत. मला पटतो तो सुतारांचा: विशीत हाताखाली शिकायचं, चाळिशीत स्वतः बांधायचं, साठीत दुसऱ्यांना शिकवायचं. एका माणसाच्या आयुष्यात तीनदा.

शुक्रवार संध्याकाळ: गेस्टहाउसच्या आजी

गेस्टहाउस चालवणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या, एकदम चटपटीत. त्यांच्या दारावर ऑक्टोबरअखेरीसही भाताच्या पेंढ्याचा जाड दोरखंड लटकत होता, मधोमध लाकडी पाटी. जपानात इतरत्र हे फक्त नववर्षाला लावतात, इसेत मात्र वर्षभर. पाटीवर लिहिलेलं असतं की हे सोमिन शोराईच्या वंशजांचं घर. सोमिन हा गरीब माणूस, वाटसरू म्हणून आलेल्या देवाला श्रीमंत भावाने हाकललं पण याने घरात घेतलं, म्हणून त्याच्या घरावर रोगराई येणार नाही असा आशीर्वाद मिळाला.

दादाचं जपानी चांगलं आहे, तो मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होता. आजींनी २०१३ ला स्वतः देवळात दगड वाहिले होते! नवीन देऊळ पूर्ण झालं की देवी हलवायच्या आधी इसेचे गावकरी मियागावा नदीतले पांढरे गोटे गोळा करून आतल्या अंगणात अंथरतात. एकेकाने रुमालात गोटे बांधून घ्यायचे, ओळीने आत जायचं आणि देवळाच्या अगदी समोर ठेवून यायचं. एकदा देवी आली की मग कोणालाच नाही. आईने विचारलं, जवळून कसं दिसतं? आजी म्हणाल्या, सोन्यासारखं पिवळं आणि वास असा की घरी आल्यावरही कपड्यांना येत होता. पुढच्या वेळी त्या ऐंशी पार केलेल्या असतील, पण आत्तापासून रोज चालायला जातात, तेवढ्यासाठी.

देवी हलवायची ती रात्रीच, नाइकूची २ ऑक्टोबर २०१३ ला आणि गेकूची ५ ऑक्टोबरला. सगळे दिवे घालवतात. एक पुरोहित कोंबड्यासारखी तीनदा बांग देतो, आणि मग पांढऱ्या रेशमी कापडाच्या आडोशात देवीला जुन्या घरातून नव्या घरात नेतात. तिच्याबरोबर कपडे, तलवारी, धनुष्यं, विणकामाची साधनं, सगळंच नवीन: ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू. म्हणजे नुसते सुतार नाही, विणकर, लोहार, लाखकाम करणारे, सगळ्यांची विद्या दर वीस वर्षांनी पुन्हा हातातून जाते.

आणि हे अखंड चाललंय असंही नाही बरं का. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत मुख्य देवळांचं नूतनीकरण १२० वर्षांपेक्षा जास्त काळ बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून गावोगाव हिंडून पैसा उभा केला तो बौद्ध भिक्षुणींनी, केइकोइन मठाच्या सेइजुन आणि तिच्यानंतर शुयो. मला हा भाग फार भावला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ चं लांबून १९५३ ला झालं, आणि सरकारने धर्मापासून हात काढून घेतल्यामुळे ते लोकांच्या वर्गणीतून झालं. तेव्हापासून तसंच.

शनिवार, १ नोव्हेंबर: पहाटे नाइकू

आमचं नशीब असं की शनिवारी नेमकी एक तारीख आली. इसेचे लोक दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे देवळात जातात, सरलेल्या महिन्याचे आभार मानायला. देवळं पहाटे पाचला उघडतात. बस इतक्या लवकर मिळेल याची खात्री नव्हती म्हणून दादाने रात्रीच टॅक्सी सांगून ठेवली होती. पाऊस गेला होता, आकाश धुऊन निघालेलं आणि थंडी चांगली बोचरी. (नोव्हेंबरात जाणार असाल तर पहाटेसाठी कानटोपी घ्याच.)

नाइकूत जायला उजी पूल ओलांडायचा, इसुझू नदीवरचा, शंभर मीटरहून थोडा जास्त लांब, पूर्ण लाकडी. यालाही वीस वर्षांनी नवा करतात, अलीकडचा २००९ चा. तळाच्या फळ्या जहाज बांधणारे सुतार बसवतात, फटीतून पाणी खाली झिरपू नये म्हणून. आम्ही वाकून बघितलं, दोन फळ्यांमध्ये नख जाईना, आणि लाखो पावलांनी लाकूड इतकं झिजलंय की गाठी वर उठून आल्यात. पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी आहे, आणि या तोरीचे खांब म्हणजे ते कालचे मुनामोची-बाशिरा! देऊळ उतरवल्यावर नाइकूचे दोन खांब पुलाच्या आतल्या तोरीला आणि गेकूचे बाहेरच्या तोरीला. बाकी लाकूडही जपानभरच्या देवळांना देतात, भूकंपात पडझड झालेल्या देवळांनासुद्धा. काहीच फेकत नाहीत.

(फोटोवाल्यांसाठी: २१-२२ डिसेंबरच्या आसपास सूर्य बरोबर या तोरीच्या मधून उगवतो, तेव्हा पहाटे तुफान गर्दी असते.)

आत गेल्यावर उजवीकडे नदीकाठी उतरायला दगडी फरशी आहे, हात धुवायला नळकोंडाळ्याऐवजी वाहतं पाणी. आई खाली बसली, ओंजळीत पाणी घेतलं आणि थोडं डोळ्यांना लावलं. शेजारी एक जपानी जोडपं होतं, त्यांच्या बाईंनी आईला हात देऊन उठवलं आणि दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या, थांबेचनात!

मुख्य देवळाला वीस-पंचवीस दगडी पायऱ्या. फोटो फक्त पायऱ्यांच्या खालून, वर कॅमेरा नाही, आणि हे सगळे पाळतात. वर पुन्हा तेच, कुंपण आणि पांढरा पडदा. आईने हळूच विचारलं, "मूर्ती दिसत नाही का रे?" दादा म्हणाला, मूर्ती नाहीच, आत आरसा आहे, अमातेरासूचा, आणि तोही कोणी बघत नाही. इथे मागणंसुद्धा मागत नाहीत, पूर्वी तर सम्राटाशिवाय कोणाला इथे अर्पण करायला परवानगी नव्हती, आपण फक्त आभार मानायचे. आई म्हणाली, "मग बरंय, मागायचं काही राहिलंच नाहीये." दोनदा वाकली, दोन टाळ्या, पुन्हा वाकली. एवढ्यात वाऱ्याने पडदा वर उचलला गेला आणि आतलं पांढऱ्या गोट्यांचं अंगण, त्यापलीकडचं दुसरं दार, क्षणभर दिसलं. रांगेतले सगळेच एकदम 'आ' करून थांबले.

उतरून आलं की बहुतेक लोक सरळ पुढे निघून जातात, तुम्ही मात्र मिशिने-नो-मिकुरा शोधा. देवस्थानच्या शेतातला भात ठेवायचं हे कोठार, मुख्य देवळासारख्याच घडणीचं, लहान, आणि अगदी जवळून बघता येतं. मूळ कोठारच असल्यामुळे सगळी गोष्ट इथे एका नजरेत कळते. बारा वर्षांत लाकूड पिवळ्याचं चंदेरी करडं झालंय, गवताच्या छपरावर शेवाळ चढलंय, चिगीच्या कोपऱ्यात एक रोपटं उगवलेलं. फळ्या खांबाच्या खाचेत सरकवलेल्या. मी तिथे अर्धा तास स्केच करत बसले, आई आणि दादा आरामात पुढे जाऊन आले.

ते परत आले तेव्हा आठ वाजत होते आणि सगळे बाजूला सरकायला लागले. देवस्थानचा घोडा! महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी देवळाच्या घोड्याला सम्राटाच्या शेवंतीच्या चिन्हाची झूल घालून देवीच्या भेटीला नेतात. आमच्या समोरून पांढराशुभ्र घोडा खडीवर टाप वाजवत गेला, लहान मुलं एकदम चिडीचूप. हवा खराब असली तर आणत नाहीत, त्यामुळे बघायला मिळाला तर नशीब समजा.

जागतिक वारशाच्या यादीत इसे नाही, हे ऐकून खूप जणांना आश्चर्य वाटतं. पण बारा वर्षांच्या लाकडाला प्राचीन इमारत म्हणणार कशी? १९३३ मध्ये ब्रुनो टाउट हा जर्मन वास्तुविशारद जपानला आला आणि त्याने इसेला थेट ग्रीसमधल्या प्राचीन पार्थेनॉन मंदिराच्या पंगतीला बसवलं. मला स्वतःला वाटतं की पार्थेनॉन आज बांधता येईल असा एकही माणूस अथेन्समध्ये त्या परंपरेतून आलेला नाही, आणि इसे बांधू शकणारे सुतार आत्ता, या क्षणी, इथे काम करतायत. कुठली गोष्ट जास्त जुनी आणि जास्त जिवंत, हे ज्याचं त्याने ठरवावं, माझं ठरलंय.

शनिवार: ओहाराईमाची आणि खादाडी

पुलाबाहेर आठशे मीटरची जुनी बाजारपेठ, ओहाराईमाची, आणि तिच्या मध्यावर १९९३ मध्ये जुन्या धर्तीवर बांधलेली ओकागे योकोचो. चालताना घरांकडे बघा, दारं त्रिकोणी बाजूला आहेत. देवीच्या घराचं दार रुंद बाजूला, म्हणून आपण तसं करायचं नाही, असा इथला मान राखायचा रिवाज.

१७०७ पासूनचं आकाफुकूचं दुकान पहाटे पाचला उघडतं. मऊ मोची (कुटलेल्या चिकट तांदळाचा गोळा) आणि वर गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं गुळगुळीत पुरण, त्यावर बोटांनी ओढलेल्या तीन रेघा, इसुझूचा प्रवाह म्हणून. शाकाहारी लोकांनी बिनधास्त खावं, आईने तीन खाल्ले आणि वर गरम चहा. एक तारखेला (जानेवारी सोडून) त्या महिन्याची खास मोची मिळते, त्यासाठी पहाटेच रांग लागते, आम्हाला काही मिळाली नाही, मिळवायची असेल तर देवळाआधी रांगेची चौकशी करा.

इसे उदोन मात्र शाकाहारी नाही, नीट लक्षात ठेवा. दिसतं साधं, जाड शेवया तासभर शिजवून लोण्यासारख्या मऊ केलेल्या आणि वर काळा दाट सॉस, पण सॉसमध्ये माशाचं पाणी असतं. चालत आलेल्या यात्रेकरूंना पटकन वाढता यावं आणि पोटाला जड होऊ नये म्हणून असा मऊ. मी आणि दादाने खाल्ला, सोबत तेकोनेझुशी, सोया सॉसमध्ये मुरवलेला बोनिटो मासा भातावर. आईसाठी भाजलेले तांदळाचे गोळे, लोणची आणि आमच्या पिशवीतला चिवडा.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे माणसांचे लोंढे यायचे. १८३० साली तर काही महिन्यांत चाळीस लाखांच्या वर माणसं आली असं सांगतात. हातात लाकडी पळी घेऊन निघायचं, ती बघून वाटेवरचे लोक जेवायला घालायचे, निजायला जागा द्यायचे. नोकर मालकाला न सांगता निघायचे आणि परत आल्यावर शिक्षा नाही. आजारी माणसं आपल्याऐवजी कुत्र्याला पाठवायची, गळ्यात पैसे आणि चिठ्ठी बांधून, आणि लोक त्याला गावोगाव पुढे पोचवायचे! आई म्हणाली, "वारीच की ही."

रविवार: फुतामीचं मीठ

जेआरने फुतामिनोउरा स्टेशन, मग समुद्राकाठाने चालत मेओतो इवा, दोरखंडाने बांधलेले नवरा-बायको खडक, एक नऊ मीटरचा आणि एक चारचा. पूर्वी यात्रेकरू इसेला जाण्याआधी इथल्या समुद्रात अंघोळ करायचे. खडकांच्या मधून सूर्योदय उन्हाळ्यातच दिसतो, मे ते जुलै, हिवाळ्यात मात्र मधून पौर्णिमेचा चंद्र उगवतो. वारा इतका होता की आईच्या शालीचं शीड झालं.

गर्दी इथेच संपते, पण थोडं पुढे पाइनच्या झाडीत मिशिओ-देन आहे, तो नैवेद्याच्या मिठाचा कारखाना म्हणा. जवळच्या मिठागरात खारं पाणी उन्हात घट्ट करतात, मग मोठ्या लोखंडी कढईत उकळतात आणि शेवटी ते मीठ त्रिकोणी मातीच्या भांड्यात दाबून भट्टीत भाजतात, दगडासारखं कडक होईपर्यंत. त्या दिवशी काम चालू नव्हतं, आवार बंद, पण बाहेर भेटलेल्या एका बागकाम करणाऱ्या काकांनी हातवारे करून सगळी कृती समजावली.

परतीच्या वाटेवर: कुवाना

नागोयाला जाताना कुवानाला मुद्दाम उतरलो. स्टेशनवर लॉकर आहेत, तिथून वीस मिनिटं चालत शिचिरी-नो-वाताशी, एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या जुन्या तोकाइदो रस्त्यावरचा होडीचा धक्का. समुद्रमार्गे येणारे यात्रेकरू इथे उतरून इसेच्या हद्दीत शिरायचे, म्हणून इथे एक तोरी आहे. आणि या तोरीचं लाकूड म्हणजे आधी उजी पुलाच्या बाहेरच्या तोरीचे खांब, आणि त्याच्या आधी गेकूचे मुनामोची-बाशिरा. हिशोब लावला: १९७३ ला गेकूत उभे राहिले, वीस वर्षं आढं पेललं, मग वीस वर्षं पुलाशी, आणि २०१५ पासून इथे. जे इसेत चार कुंपणांच्या आत होतं ते इथे रस्त्याच्या कडेला, हात लावता येईल असं. खांबाला उभ्या लांब भेगा पडल्यात, बोट आत जाईल एवढ्या, आणि खाली तासणीच्या कडा अजून कळतात. २०३३ नंतर इथेही नवीन खांब येतील, म्हणजे आत्ता पुलाजवळ आम्ही ज्यांच्याखालून गेलो तेच.

शेजारी भाजलेल्या शिंपल्यांची दुकानं आहेत, कुवानाच्या हामागुरी प्रसिद्ध आहेत, दादाने ताव मारला.

ज्यांना पुढचं नूतनीकरण बघायचंय त्यांच्यासाठी: २०२५ च्या मे महिन्यात डोंगराच्या पूजेने सुरुवात झालीय, आणि जूनमध्ये किसोच्या जंगलात पहिली झाडं कुऱ्हाडींनी पाडली, बुंध्याला तीन बाजूंनी कोरून तीन पायांवर उभं ठेवून. एकूण साधारण दहा हजार हिनोकी लागतात, आणि देवस्थानने १९२३ पासून स्वतःच्या डोंगरात झाडं वाढवायला घेतलीत, दोनशे वर्षांचा आराखडा करून. २०२६ आणि २०२७ मध्ये ओंडके शहरातून दोरखंडाने ओढत आणतात, २०२९ ला नवा पूल, २०३३ ला गोटे वाहणं आणि मग देवीचं स्थलांतर. ओंडके ओढायला बाहेरगावच्यांनाही नाव नोंदवून सामील होता येतं, गेल्या वेळी तशी सोय होती. आजींनी दादाचा नंबर लिहून घेतलाय, तारखा कळल्या की फोन करणार आहेत, आणि आईने आत्ताच विचारून ठेवलंय की दोर ओढताना साडी चालते का.